कोल्हापुरी पद्धतीचा अख्खा मसूर आणि ज्वारीची भाकरी

कोल्हापूरचं नाव निघालं की लोक तांबडा-पांढरा रस्सा आणि मिसळीचीच चौकशी करतात. पण आठवड्याच्या मधल्या वारी सगळे दमूनभागून घरी आल्यावर चुलीवर चढतो तो बहुतेकदा अख्खा मसूर. कराड-इस्लामपूरच्या बाजूच्या ढाब्यांनी त्याला नाव मिळवून दिलं हे खरं, तरी घरचा मसूर मला जास्त आवडतो. तेल कमी लागतं, पोटाला जड होत नाही आणि एका पातेल्यात लहानथोर सगळ्यांचं भागतं. 100 ग्रॅम कोरड्या मसुरात साधारण 24 ग्रॅम प्रथिनं असतात, त्यामुळं सोबत वेगळी उसळ-आमटी करायची गरज राहत नाही. तो जाळ तिखटच हवा, असंही काही नाही. चव येते ती नीट भाजलेल्या कांद्या-खोबऱ्यामुळं. तिखट ज्याला झेपेल तेवढं.

चौघांसाठी 1 वाटी अख्खा मसूर, 3 मध्यम कांदे, पाव वाटी सुक्या खोबऱ्याचा कीस, 1 चमचा तीळ, 8-10 लसूण पाकळ्या, इंचभर आलं, मूठभर कोथिंबीर काड्यांसकट, 1 टोमॅटो, अर्धा चमचा जिरं, पाव चमचा हळद आणि 3 मोठे चमचे तेल घ्या. शिवाय कोल्हापुरी चटणी, म्हणजे उन्हाळ्यात डंकावरून कुटून आणलेला कांदा-लसूण मसाला, दीड ते दोन चमचे. ही चटणी बाहेरून आणणार असाल तर रंगावर जाऊ नका, वास घेऊन बघा. लसणाचा आणि भाजल्या खोबऱ्याचा वास आला पाहिजे, खवट वास आला तर घेऊ नका.

मसूर निवडून, धुऊन 3-4 तास भिजत घाला. विसरलात तर कडकडीत पाण्यात तासभर पुरतो. मग 3 वाट्या पाणी आणि हळद घालून उघड्या पातेल्यात मंद आचेवर शिजवा. कुकरला लावला तर शिट्टी मोजण्याच्या नादात पिठलं होतं. पातेल्यात तो 20-25 मिनिटांत होतो आणि डोळ्यांसमोर राहतो. दाणा बोटांत दाबल्यावर सहज चेपला पाहिजे, पण साल सुटता कामा नये. टोमॅटो या वेळी घालायचा नाही, आंबटपणानं कडधान्य शिजायला वेळ लावतं. आणि शिजलेलं पाणी ओतू नका, रस्सा त्याचाच करायचा आहे.

तोवर वाटण. यात घाई केली तर पुढं कशानंच भरून निघत नाही. दोन कांदे सालासकट थेट गॅसवर ठेवा आणि चिमट्यानं फिरवत वरचा थर काळा होऊन आत मऊ होईपर्यंत भाजा. गार झाल्यावर काळं साल काढा, थोडा करपट भाग राहिला तर राहू द्या. खोबरं मात्र वेगळ्या तव्यावर, बारीक आचेवर, बदामी होईपर्यंतच. ते काळं पडलं तर सगळा रस्सा कडू होतो. तीळ तडतडले की उतरवा. आलं, लसूण, कोथिंबीर घालून सगळं थोड्या पाण्यात अगदी गुळगुळीत वाटून घ्या.

तेलात जिरं, मग उरलेला कांदा बारीक चिरून लालसर करा, टोमॅटो घालून मऊ करा आणि वाटण टाका. ते कडेनं तेल सोडेपर्यंत परतायचं, 7-8 मिनिटं तरी. मग मसूर पाण्यासकट ओता. अजून पाणी लागलं तर गरमच घाला. दहा मिनिटं उकळून रस्सा अंगाबरोबर ठेवा, भाकरीनं उचलता आला पाहिजे.

आता चटणीचं. घरात लहान मुलं किंवा पथ्य असलेली मोठी माणसं असतील तर त्यांचा वाटा आधीच काढून चवीपुरतं मीठ घाला. वर चमचाभर तूप सोडलं की मुलं मुकाट्यानं जेवतात. मग कढल्यात 1 चमचा तेल तापवून गॅस बंद करा, अर्ध्या मिनिटानं चटणी घाला आणि लगेच दोन चमचे गरम पाणी. कडकडीत तेलात टाकाल तर क्षणात करपते. हे मिश्रण पातेल्यात ओतून दोन उकळ्या येऊ द्या, वर लाल तवंग येतो. मीठ सगळ्यात शेवटी आणि चव बघूनच, कारण चटणीत कुटतानाच मीठ पडलेलं असतं.

भाकरीला अर्धा किलो ज्वारीचं पीठ घ्या, सात-आठ होतात. पीठ ताजं हवं. जुन्या पिठाची विरी, म्हणजे पीठ एकत्र धरून ठेवायची ताकद, गेलेली असते आणि थापताना कडा फुटतात. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो, म्हणून गरम पाणी घालून एकेका भाकरीपुरतं पीठ तळहातानं रगडून मळायचं. सवय नसेल तर उकड काढा: जेवढं पीठ तेवढंच पाणी उकळायचं, पीठ घालून दहा मिनिटं झाकायचं आणि कोमट असतानाच मळायचं. परातीत पीठ भुरभुरून थापा, तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवा. ते पाणी पूर्ण सुकायच्या आत उलटा, खालची बाजू भाजली की थेट जाळावर धरा. टम्म फुगते.

ताटात दही, बुक्कीनं फोडलेला कांदा आणि हवा असेल त्याला हिरव्या मिरचीचा खर्डा. मसूर उरला तर फ्रिजमध्ये ठेवा. सकाळी तो घट्ट होतो. गरम पाणी घालून उकळी आणा आणि चपातीबरोबर डब्याला द्या.