गल्फमध्ये बाळ झालं की जन्मदाखला, पासपोर्ट आणि व्हिसा कसा करायचा

बाळंतपण गल्फमध्ये करायचं ठरलं असेल तर सातवा महिना लागायच्या आत तीन कागद शेजारी शेजारी ठेवा. नवऱ्याचा पासपोर्ट, बायकोचा पासपोर्ट आणि लग्नाचा दाखला. तिन्हीवरची नावं इंग्रजीत अक्षर न अक्षर जुळतात का ते बघा. जुळत असतील तर पुढचं सगळं काम सरळ आहे, जुळत नसतील तर आजच कामाला लागा, बाळ झाल्यावर बघू म्हणू नका.

मी गुहागर तालुक्यातला. दोन्ही मुलं दुबईत झाली, आणि त्यानंतर आमच्या पंचक्रोशीतल्या बऱ्याच पोरांची कागदपत्रं मी बसून करून दिलीत, म्हणून हे यूएईचं, म्हणजे दुबई ज्या देशात येते त्या संयुक्त अरब अमिरातीचं, धरून लिहितोय. कुवेत-कतारची पद्धत साधारण अशीच आहे पण तिथले दिवस आणि फिया तिथल्या तिथे विचारून घ्या.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. बाळ तिकडे जन्मलं म्हणून तिकडचं नागरिक होत नाही. आई-बाप भारतीय असतील तर ते भारतीयच, पण आपोआप नाही. 1955 च्या नागरिकत्व कायद्याच्या कलम 4 खाली भारतीय वकिलातीत त्याची जन्मनोंद करावी लागते, जन्मापासून एका वर्षाच्या आत, आणि बाळाकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं आई-बापाने लिहून द्यावं लागतं. वर्ष उलटलं तर केंद्र सरकारची परवानगी लागते आणि ते प्रकरण लांबतं. आता कोणीतरी सांगतो की वर्षभर आहे रे, सावकाश कर. हा सल्ला ऐकू नका. वर्ष आहे ते आपल्या कायद्यात. यूएईत बाळाचा रेसिडेन्स व्हिसा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, जन्मापासून 120 दिवसांत व्हावा लागतो, नंतर रोजचा दंड सुरू होतो. आणि व्हिसाला पासपोर्ट लागतो, पासपोर्टला जन्मदाखला लागतो, म्हणजे तुमच्या हातात खरे दिवस 120 च आहेत.

आता लग्नाचा दाखला. इथेच मी अडकलो होतो आणि इथेच बहुतेक जण अडकतात.

आमचं लग्न गावात झालं, ग्रामसेवकाकडे नोंद केली, दाखला घेतला. त्यात बायकोचं नाव लग्नानंतरचं पडलं, म्हणजे माझं नाव आणि माझं आडनाव लावून. तिचा पासपोर्ट मात्र कॉलेजात असताना काढलेला, त्यावर तिच्या वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. आम्हाला त्यात काही वावगं दिसलंच नाही, गावात सगळ्यांचं तसंच असतं. मुलगी झाली, हॉस्पिटलने आईचं नाव पासपोर्टवरून लिहिलं, आणि पुढच्या काउंटरवर लग्नाचा दाखला दाखवल्यावर तिथला माणूस म्हणाला ही बाई वेगळी आहे. मी तोंडी कितीही समजावलं, फोटो दाखवले, पण कागदावर दोन नावं म्हणजे त्यांच्या लेखी दोन वेगळ्या व्यक्ती, आणि त्यांच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हटलं असतं. शेवटी दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं प्रतिज्ञापत्र इकडून करून घ्यावं लागलं. त्यासाठी सासरे गुहागरहून चिपळूणला, चिपळूणहून मुंबईला असे चार खेपा गेले, त्यात मधे गणपती आले, कोकणात त्या दहा-बारा दिवसांत कुठलं ऑफिसचं काम होत नाही हे तुम्हाला सांगायला नको. मुलीचा व्हिसा झाला तो 112 व्या दिवशी. ते तीन महिने बायकोला झोप नव्हती, अंगावरचं पोर आणि रोज हीच काळजी. ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो, म्हणून एवढं तपशीलात लिहितोय.

तर माझं ठाम मत असं आहे. लग्न झाल्यावर बायकोचं नाव बदललंच पाहिजे असा आपल्याकडे कायदा नाही. तिचा पासपोर्ट माहेरच्या नावाने असेल तर तो तसाच राहू द्या, आणि लग्नाच्या दाखल्यात तिचं लग्नाआधीचं नाव पासपोर्टप्रमाणे आहे याची खात्री करून मगच सही करा. पासपोर्ट रिन्यू कराल तेव्हा पतीच्या नावाची नोंद घालून घ्या. ज्यांना नाव बदलायचंच आहे त्यांनी आधी पासपोर्ट बदलावा, मग बाकीचं. अर्धं इकडे अर्धं तिकडे असं अजिबात करू नका. निकाहनामा असलेल्यांनी सुद्धा नुसत्या निकाहनाम्यावर राहू नका, शासनाच्या विवाह नोंदणीचा दाखला काढाच.

दाखला बरोबर मिळाला की त्याचं अटेस्टेशन, म्हणजे तो खरा असल्याचे सरकारी शिक्के. आधी मुंबईचं मंत्रालय, मग भारताचं परराष्ट्र मंत्रालय, मग यूएईची वकिलात, आणि शेवटी तिकडे गेल्यावर यूएईच्या परराष्ट्र खात्याचा शिक्का. काही एजंट अपोस्टील करून देतो म्हणतात, म्हणजे वकिलातीऐवजी चालणारा एकच आंतरराष्ट्रीय शिक्का. ओमान-बहरीनला ते चालतं कारण ते देश अपोस्टीलच्या करारात आहेत, यूएई नाही, तेव्हा तिथे वकिलातीचाच शिक्का पाहिजे. मूळ दाखला ओला होईल असा ठेवू नका, पावसाळ्यात आमच्याकडे कपाटातल्या कागदाला बुरशी धरते आणि शिक्का पुसट दिसला की परत पहिल्यापासून.

बाळाचं नाव. आपल्याकडे बारसं बाराव्या दिवशी, आत्या पाळण्यात नाव ठेवते, तोवर घरात कोणी नाव उच्चारत नाही. हॉस्पिटलवाले मात्र दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच फॉर्म पुढे करतात. म्हणून आत्याला आधीच फोन करून नाव ठरवून घ्या, मुलाचं एक आणि मुलीचं एक, आणि इंग्रजी स्पेलिंग कागदावर लिहून नवऱ्याच्या खिशात ठेवा. बारसं नंतर थाटात करा, त्याला कोण अडवतंय. आडनावाचं स्पेलिंग बापाच्या पासपोर्टवर जसं आहे तसंच, ते चुकीचं वाटलं तरी तसंच. आमच्या शेजारच्या साळव्यांच्या घरात थोरल्याच्या स्पेलिंगमध्ये 'एल'नंतर एक 'ए' जास्त आहे आणि धाकट्याच्या नाही, आता थोरल्याच्या मुलांना तोच 'ए' जन्मभर.

जन्मदाखला अरबीत आणि इंग्रजीत निघतो. अरबीत 'प' नाही, 'च' नाही, 'व्ही' नाही. पाटीलचं बातील होतं. अरबीवरून परत इंग्रजी टाइप केलं की ते बातीलच छापून येतं, आणि भारतीय वकिलात इंग्रजी बघते. म्हणून छापायच्या आधी ड्राफ्ट मागा आणि दोघांनी मिळून, पासपोर्ट हातात धरून, एकेक अक्षर बोट ठेवून वाचा. आईचं नाव, बापाचं नाव, बाळाचं नाव, तारीख. मागे रांग असली तरी वाचा. छापून झाल्यावर दुरुस्तीला पुन्हा अर्ज, पुन्हा फी, पुन्हा दिवस.

जन्मदाखल्यावर तिथल्या परराष्ट्र खात्याचा शिक्का घ्या. हे सोपं आहे.

मग भारतीय पासपोर्ट आणि जन्मनोंद, दोन्ही अर्ज एकदमच करा. ऑनलाइन भरायचे, प्रिंट काढायची, दोघांच्या सह्या, दोघांचे पासपोर्ट आणि व्हिसाच्या कॉप्या, अपॉइंटमेंट घेऊन जायचं. सरनेमचा म्हणजे आडनावाचा रकाना रिकामा ठेवू नका. बरेच जण सगळं नाव गिव्हन नेममध्ये कोंबतात, आणि 2022 च्या नोव्हेंबरपासून एकेरी नावाच्या पासपोर्टवर व्हिजिट व्हिसावाल्यांना यूएईने अडवायला सुरुवात केली, मग पोराला पुढे त्रास कशाला. फोटोला बाळ पांढऱ्या चादरीवर झोपवून वरून काढा, डोळे उघडे पाहिजेत, दूध पिऊन झाल्यावर लगेच काढलात तर बरं. लहान मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांचा असतो.

एक इशारा देतो आणि हा मनापासून देतोय. आपल्याकडे काही लोक सांगतात की एवढं कशाला, बाळ गावीच झालं असं दाखवून ग्रामपंचायतीतून दाखला काढून घे. करू नका. हा गुन्हा आहे, आणि तिकडच्या हॉस्पिटलात जन्माची नोंद आहेच, एका पोराचे दोन जन्म कधी ना कधी समोर येतात आणि भोगतं ते पोर. खरोखरच वकिलातीत नोंद राहून गेली आणि तुम्ही कायमचे गावी परत आलात, तर जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम 20 मध्ये सरळ वाट आहे. बाळ भारतात आल्यापासून 60 दिवसांच्या आत इकडे नोंद करता येते, जन्मस्थान तिकडचंच लिहून.

बायको बाळंतपणाला माहेरी येणार असेल तर वेगळं. जन्म जिथे झाला तिथेच नोंद, म्हणजे रत्नागिरीच्या हॉस्पिटलात झालं तर रत्नागिरी नगरपरिषदेत, तुमच्या गावच्या ग्रामपंचायतीत नाही. 21 दिवसांत फुकट. नवरा तिकडे असेल तर पासपोर्टासाठी लागणारं त्याचं संमतीपत्र, ॲनेक्श्चर डी, तिथल्या भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून मागवा, बाळ व्हायच्या आधी तो सुट्टीवर आला असताना हे करून ठेवता येत नाही कारण बाळाचं नाव लागतं. आणि या जन्मदाखल्याचंही लग्नाच्या दाखल्यासारखंच सगळं अटेस्टेशन करून मगच तिकडे पाठवा.

पासपोर्ट हातात आला की व्हिसा. बापाचा पगार 4000 दिरहॅम, किंवा 3000 आणि राहायची जागा, एवढं दाखवावं लागतं, भाड्याचा करार आणि बाळाचा इन्शुरन्स लागतो. टायपिंग सेंटरवाला, म्हणजे तिथे सरकारी अर्ज भरून देणारा, बाकी करतो. आता पासपोर्टात व्हिसाचा स्टिकर लावत नाहीत, एमिरेट्स आयडी, म्हणजे यूएईचं ओळखपत्र, हाच पुरावा, तेव्हा बाळाचं कार्ड आल्याशिवाय गावचं तिकीट काढू नका.

वकिलातीचा जन्मदाखला मिळेल त्याच्या दोन प्रती घ्या, एक तिकडे आणि एक गावी आजीच्या ट्रंकेत. 1 ऑक्टोबर 2023 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांना पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो, शाळेचा दाखला चालत नाही, आणि पाच वर्षांनी पासपोर्ट रिन्यू करताना हाच कागद पहिला शोधावा लागणार आहे.