उइगुरांची बातमी मराठीत घेताना

पणजीच्या डेस्कवर रात्री शिंच्यांगची, म्हणजे चीनच्या पश्चिमेकडच्या उइगुर मुस्लिमांच्या प्रदेशाची, एजन्सी कॉपी येते, तेव्हा पान सोडायला फारसा वेळ उरलेला नसतो. भाषांतर तेवढ्यात होते. चूक शिरते ती नावात, आकड्यात आणि एखाद्या शब्दात. कॉपी त्याच क्रमाने तपासावी.

'झिनजियांग' लिहू नका. चिनीच्या रोमन लेखनातला एक्स 'श'च्या जवळचा आहे, म्हणून शिंच्यांग. शहरांना दोन-दोन नावे आहेत. उइगुरांचे गुल्जा चिनी कॉपीत यीनिंग होते, काश्गरचे काशी होते. 'काशी' तसेच छापले तर आपल्या वाचकाला वाराणसीच आठवणार. दोन एजन्सींच्या कॉप्या जोडताना एकच शहर दोनदा येत नाही ना, हे नकाशावर पाहा.

माणसांच्या नावातला दुसरा शब्द बहुधा वडिलांचे नाव असतो, आडनाव नव्हे. इल्हाम तोहती हे बीजिंगमध्ये अर्थशास्त्र शिकवणारे प्राध्यापक. फुटीरतावादाच्या आरोपावरून सप्टेंबर २०१४ मध्ये त्यांना जन्मठेप झाली. पुढच्या उल्लेखात नुसते 'तोहती' लिहिले की नाव वडिलांचे होते. 'इल्हाम' लिहा, किंवा पूर्ण नाव.

'चिनी मुस्लिम' हा शब्द उइगुरांसाठी नको. हुई लोकही मुस्लिम आहेत, पण ते चिनी बोलतात. उइगुर भाषा तुर्की कुळातली, शिंच्यांगमध्ये अरबी वळणाच्या लिपीत लिहिली जाणारी.

वेळ बदलताना घोळ होतो. शिंच्यांगचे अधिकृत घड्याळ बीजिंगचे, म्हणजे आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. उइगुर लोक मात्र रोजच्या व्यवहारात त्याच्या दोन तास मागचे स्थानिक घड्याळ पाळतात. बीजिंगचे रात्रीचे आठ म्हणजे तिथले संध्याकाळचे सहा आणि आपले साडेपाच. कॉपीत कुठले घड्याळ आहे हे कळत नसेल, तर तास गाळून नुसते 'संध्याकाळी' लिहा.

आकड्यांवर जास्त वेळ द्या. मिलियन म्हणजे १० लाख. घाईत त्याचा कोटी होतो. २०२० च्या जनगणनेत प्रदेशाची लोकसंख्या सुमारे २ कोटी ५८ लाख होती. त्यात उइगुर सुमारे १ कोटी १६ लाख आणि हान, म्हणजे चीनमधला बहुसंख्य समाज, सुमारे १ कोटी ९ लाख. हे तीन आकडे टेबलावर चिकटवून ठेवा, अवास्तव आकडा लगेच डोळ्यात भरेल. उइगुरांना कोंडलेल्या 'शिबिरांत १० लाख' हा अंदाज आहे, मोजणी नव्हे. ऑगस्ट २०१८ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वांशिक भेदभावविरोधी समितीच्या सदस्य गे मॅकडूगल यांनी तो बैठकीत मांडला आणि तिथून तो जगभर गेला. त्यामुळे 'संयुक्त राष्ट्रांचा अहवाल : १० लाख कैदेत' हा मथळा चूक. 'समिती सदस्याच्या म्हणण्यानुसार' हे शब्द जागा खातात, तरी ते राहिलेच पाहिजेत. बीजिंगने तेव्हा आरोप फेटाळला आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये हीच शिबिरे 'व्यावसायिक प्रशिक्षण केंद्रे' या नावाने कायद्याच्या नियमात आणली. नकार आणि कबुली, दोन्ही तारखांसकट द्या. शिबिर आणि तुरुंग यांची गल्लतही करू नका. शिबिरात माणूस खटल्याविना जातो, तुरुंगात शिक्षा होऊन.

आता शब्द. इंग्रजी कॉपीतल्या 'जेनोसाइड'ला आपण सवयीने नरसंहार लिहितो आणि वाचकापुढे सामूहिक कत्तल उभी राहते. इथल्या आरोपाचा मोठा भाग जन्म रोखण्याबद्दल आहे, म्हणून 'वंशविच्छेद' हाच नेमका शब्द. तो कोणी वापरला हेही लिहा. अमेरिकी सरकारने १९ जानेवारी २०२१ रोजी वापरला. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने ३१ ऑगस्ट २०२२ च्या अहवालात वापरला नाही. 'मानवतेविरुद्धचे गुन्हे ठरू शकतात' असे म्हटले. त्यावर चर्चा घ्यावी की नको, एवढ्यावरच ६ ऑक्टोबरला मानवाधिकार परिषदेत मतदान झाले. ठराव १७ विरुद्ध १९ मतांनी पडला, ११ देश तटस्थ राहिले, त्यांत भारतही होता. याला 'चीनला क्लीन चिट' म्हणणे साफ चूक.

शब्दाला बाजू असते हे गोंयकाराला सांगावे लागत नाही. आपला मुक्तिदिन पोर्तुगालच्या लेखी आक्रमण होता. १८ डिसेंबर १९६१ ला सुरक्षा परिषदेत भारताने सैन्य मागे घ्यावे असा ठराव अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तानने आणला आणि सोव्हिएत नकाराधिकाराने तो अडला. पण एवढ्यावरून 'पाश्चात्य माध्यमांचे सगळे खोटे' असा सूर लावला तर तो उइगुरांवर अन्याय ठरेल. इथले कितीतरी पुरावे चिनी सरकारच्याच नियमांतून, निविदांतून आणि फोटोंतून आले आहेत. निळ्या गणवेशात रांगेने बसलेल्या पुरुषांचा गाजलेला फोटो होतानजवळच्या लोप परगण्यातला. २०१७ मध्ये तो शिंच्यांगच्या न्याय विभागाच्याच समाजमाध्यम खात्यावर आला होता. फोटोओळीत हे मूळ द्या. वॉट्सअ‍ॅपवरून आलेली चित्रफीत मात्र दोन-तीन स्थिरचित्रे काढून गूगल लेन्स आणि यांडेक्सवर शोधल्याशिवाय वापरू नका. स्रोताचा पैसा कुणाचा, हेही त्याच वाक्यात यावे : रेडिओ फ्री एशिया अमेरिकी निधीवर उभे राहिलेले, ग्लोबल टाइम्स चिनी कम्युनिस्ट पक्षाचे.

पार्श्वभूमीच्या चौकटीत ५ जुलै २००९ हवाच. दक्षिण चीनच्या ग्वांगडोंगमधल्या खेळण्यांच्या कारखान्यात दोन उइगुर कामगार मारले गेल्यावर शिंच्यांगची राजधानी उरुमचीत निदर्शने झाली, मग दंगल. सरकारी आकडा १९७ मृतांचा, त्यांत बहुसंख्य हान. दोन दिवसांनी हान जमाव काठ्या घेऊन रस्त्यावर उतरला. जागा कमी म्हणून यातले एकच टोक छापू नये.

परदेशातल्या उइगुराशी फोनवर बोललात तर छापण्याआधी मजकूर त्याला वाचून दाखवा. गाव, नातेवाइकाचे वय आणि कामाचे ठिकाण, या तीन गोष्टी एकत्र आल्या की मागे राहिलेला माणूस ओळखता येतो. त्यातल्या दोन काढा. बातमीचे काही बिघडत नाही.