हाडाच्या ऑपरेशननंतर टाका ओला राहतोय? या चुका टाळा

"पावसाची हवा आसा, सुकतली हळूहळू." काकांच्या मांडीवरची जखम बघून घरातल्या प्रत्येकाने हेच म्हटलं, मीसुद्धा. जुलैत ते जांभ्याच्या पायरीवरच्या शेवाळावरून घसरले, मांडीचं हाड मोडलं, रॉड बसवला. टाके काढून आठवडा उलटला तरी एका टाक्यापाशी काडीच्या गुलाएवढी जागा ओलीच. सकाळी लुंगीवर रुपयाएवढा पिवळट डाग दिसायचा. ताप नव्हता, म्हणून आम्ही निर्धास्त होतो.

तिथेच चुकलो. दमट हवेत कपडे सुकत नाहीत हे खरं, पण टाक्यांची जखम साधारण २ आठवड्यांत बंद व्हायला हवी. त्यानंतरही पाणी येत असेल, लाली पसरत असेल, कमी होत आलेलं दुखणं पुन्हा वाढत असेल, तर ताप नसला तरी ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांनाच दाखवा. ते मुंबईला, कोल्हापूरला किंवा गोव्याला असले तरी आधी फोन करा, जखमेचा फोटो पाठवा.

दुसरी चूक याहून महागात पडली. मेडिकलमधून ५ दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या आणल्या. डाग थांबला, सगळे खूश. दसऱ्याच्या सुमारास पू पुन्हा सुरू. धातूवर बसलेले जंतू, बऱ्याचदा आपल्याच त्वचेवर राहणारे स्टॅफिलोकोकस, स्वतःभोवती चिकट थर करतात. पायरीवरचं शेवाळ नुसतं पाणी ओतून जात नाही, घासावं लागतं, तसंच हे. गोळी वरचा पू आटवते, थर तसाच राहतो. शिवाय गोळ्या पोटात असताना कल्चर (नमुन्यातले जंतू वाढवून ओळखायची तपासणी) केलं तर जंतू बऱ्याचदा सापडत नाहीत आणि नेमकं औषध ठरवता येत नाही. काकांचं तेच झालं. नमुनाही वरवरच्या पुवाचा नको, आतल्या मांसाचा लागतो. काही जंतू वाढायला १४ दिवसही घेतात, तेव्हा रिपोर्टसाठी घाई करू नका. मात्र डॉक्टरांनी दिलेला कोर्स स्वतःहून बंद करू नका. थंडी वाजून जोराचा ताप आला, माणूस गुंगीत गेला, तर नमुन्यासाठीही थांबायचं नाही, जवळचं हॉस्पिटल गाठायचं.

हळद, खोबरेल, पाल्याचा रस उघड्या जखमेवर नको. विहिरीचं पाणी, खाडी, समुद्र, लावणीचा चिखल जखम पूर्ण भरेपर्यंत वर्ज्य. कोमट समुद्राच्या पाण्यात व्हिब्रिओ जातीचे जंतू असतात आणि यकृताचा आजार किंवा मधुमेह असलेल्यांना ते फार घातक ठरू शकतात. साखर ताब्यात ठेवा, विडी-तंबाखू सोडा.

सांधा बदललेल्यांनी तर वर्षानुवर्षं सावध राहायचं. पायाच्या भेगेतून किंवा गळवातून जंतू रक्तात उतरून त्या सांध्यावर बसू शकतात. चांगला चालणारा गुडघा अचानक सुजला, गरम लागला, तर तेल चोळत बसू नका, त्याच दिवशी दाखवा.