विकीच्या परवानग्या तपासण्याआधीची तयारी

विकी म्हणजे अनेकांनी मिळून लिहायची आणि दुरुस्त करायची वेबसाइट. तिच्यातलं काय कुणाला दिसतं याच्या तपासणीला बसाल तेव्हा ॲडमिनच्या खात्याने लॉगिन करू नका. पहिली तयारी हीच. ॲडमिनला सगळंच दिसतं, त्यामुळे इतरांना काय दिसायला नको होतं हे त्याच्या कधी लक्षात येत नाही. तीन खाती हाताशी ठेवा. एक नुकतंच उघडलेलं, कुठल्याही गटात नसलेलं. दुसरं साध्या संपादकाचं. तिसरं अशा माणसाचं असतं तसं, ज्याला पूर्वी जास्त अधिकार होते आणि आता काढून घेतले आहेत. यांच्या जोडीला लॉगिन न केलेला पाहुणा हवा, त्यासाठी ब्राउझरची खाजगी विंडो पुरते.

मग खुणेचं पान बनवा. फक्त ठरावीक गटालाच वाचता येईल असं एक बंद पान उघडा आणि विकीत इतरत्र कुठेही सापडणार नाही असा शब्द त्यात लिहा. मी 'झुंबरखडप' असा काहीतरी निरर्थक शब्द घडवतो. पान जतन करा, पुन्हा उघडा, तो शब्द खोडून दुसरा तसाच घाला. आता जुन्या आवृत्तीत एक खूण आहे, चालू आवृत्तीत दुसरी. पानाला एक पीडीएफ जोडा आणि तिच्यात तिसरी खूण ठेवा. शोधयंत्रणेची अनुक्रमणिका ताजी व्हायला थोडा वेळ द्या. यापुढची सगळी तपासणी म्हणजे या तीन शब्दांचा माग काढणं.

एवढा खटाटोप का, तर विकी हा प्रकार मुळात उघड्या दाराचा आहे. वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ साली पहिली विकी सुरू केली ती कुणीही यावं आणि कुणीही दुरुस्ती करावी म्हणून. कुलपं नंतर आली. विकिपीडिया ज्यावर चालतो त्या मीडियाविकीच्या माहितीपानांवर तर स्पष्टच लिहिलं आहे की हे सॉफ्टवेअर नाजूक माहिती लपवण्यासाठी घडवलेलं नाही. ही सूचना लोक वाचतात आणि तरीही पगारपत्रकं त्याच विकीत ठेवतात, याचं मला खरोखर वाईट वाटतं. पान बंद केलं की मजकूर बंद झाला असं आपण धरून चालतो. पण तोच मजकूर इतिहासातून, दोन आवृत्त्यांच्या फरकातून, कच्च्या मजकुराच्या दुव्यातून, निर्यातीतून, फीडमधून (बदलांची आपोआप निघणारी यादी), एपीआयमधून (दुसऱ्या प्रोग्रॅमना माहिती देणारी वाट) आणि शोधाच्या निकालाखाली येणाऱ्या दोन ओळींमधूनही बाहेर पडू शकतो. यातली प्रत्येक वाट चारही नजरांनी चालून पाहा.

एक वाट हमखास विसरली जाते. मीडियाविकीत कोणत्याही उघड्या पानाच्या संपादन चौकटीत बंद पानाचं नाव दुहेरी महिरपी कंसात लिहा, सुरुवातीला कोलन (:) द्या आणि झलक पाहा. अशा कंसात नाव लिहिलेल्या पानाचा मजकूर चालू पानात ओढून आणला जातो. नामविश्वागणिक, म्हणजे पानांच्या एकेका गटासाठी, वाचनबंदी एखाद्या विस्ताराने (वरून जोडलेल्या प्रोग्रॅमने) लादलेली असेल, तर तुमचा 'झुंबरखडप'चा भाऊ तिथे समोर उभा राहण्याची बरीच शक्यता असते. जतन करावंही लागत नाही, त्यामुळे अलीकडील बदलांमध्ये या डोकावण्याचा मागमूस राहत नाही.

आवृत्ती क्रमांकांचा खेळ याहून सूक्ष्म आहे. डिसेंबर २०२१ मध्ये मीडियाविकीत जी चूक दुरुस्त झाली ती समजून घेतली की काय शोधायचं ते कळतं. संपादन उलटवण्याच्या सोयीला पत्त्यातून आवृत्ती क्रमांक द्यावा लागतो. तो क्रमांक भलत्याच पानाचा दिला तरी मजकूर मिळत होता. म्हणजे खाजगी विकीत मुखपृष्ठासारखं एखादंच पान सर्वांसाठी खुलं ठेवलेलं असलं, तरी त्या एका पानाच्या आडून आतलं वाचता येत होतं. परवानगी एका पानाची तपासली आणि मजकूर दुसऱ्याचा दिला, असा हा दोष. दुरुस्ती १.३५.५, १.३६.३ आणि १.३७.१ या आवृत्त्यांत आली. तुमची विकी कुठलीही असो, खुणेच्या पानाचा आवृत्ती क्रमांक टिपून ठेवा आणि उघड्या पानाच्या पत्त्यात तो घालून पाहा.

जोडलेल्या फाइलींना सगळ्यात जास्त वेळ द्या. पान विकी दाखवते, पण फाइल बऱ्याचदा वेब सर्व्हर परस्पर देऊन टाकतो, विकीला न विचारता. मीडियाविकीच्या नेहमीच्या मांडणीत फाइल कुठल्या उपफोल्डरमध्ये जाणार हे तिच्या नावाच्या एमडी५ हॅशवरून (नावावरून ठरावीक गणिताने निघणाऱ्या अक्षर-अंकांच्या मालिकेवरून) ठरतं, त्यामुळे नाव ठाऊक असेल त्याला पूर्ण पत्ता बसल्या जागी काढता येतो. फाइली परवानगी तपासून देणारी वेगळी स्क्रिप्ट मीडियाविकीत आहे. पण ती लावूनही मूळ फोल्डरचा थेट रस्ता सर्व्हरवर बंद केला नाही तर उपयोग शून्य. डोकुविकी या दुसऱ्या विकी सॉफ्टवेअरमध्ये पानं, जुन्या आवृत्त्या आणि फाइली सगळ्या डेटा फोल्डरमध्येच असतात आणि त्यांचं रक्षण एचटीॲक्सेस ही प्रवेशाचे नियम लिहिलेली फाइल करते. ती अपाचे हा वेब सर्व्हर वाचतो, एनजिनएक्स हा दुसरा सर्व्हर वाचत नाही. माझ्या देखरेखीतली एक विकी अपाचेवरून एनजिनएक्सवर हलवली, तेव्हा ते नियम नव्याने लिहायचे राहिले. पानं लॉगिन मागत होती, म्हणून सगळे निर्धास्त होतो. कित्येक महिन्यांनी कुणीतरी एका मुलाखतीच्या टिपणाचा दुवा ईमेलमध्ये चिकटवला आणि तो बाहेरच्या माणसाला सरळ उघडला. तेव्हापासून मी फाइलीचा पत्ता स्वतः खाजगी विंडोत चिकटवून पाहिल्याशिवाय काम संपलं म्हणत नाही. चित्रांच्या लघुप्रतींचा पत्ता वेगळा असतो, तोही पाहा.

खात्यांची यादी छापून घ्या आणि नावागणिक विचारा, हे खातं कुणी उघडलं. २०२२ च्या जुलैमध्ये कॉन्फ्लुएन्स या कंपन्यांत वापरल्या जाणाऱ्या विकीच्या एका प्रश्नोत्तर ॲपबद्दल इशारा आला, तो याच कारणाने. ते ॲप बसवताना पासवर्ड आधीच कोडमध्ये ठरलेलं एक खातं तयार होत होतं आणि ॲप काढून टाकल्यावरही ते तसंच उरत होतं. ऑक्टोबर २०२३ मधला कॉन्फ्लुएन्सचाच सीव्हीई-२०२३-२२५१५ (सुरक्षा दोषांच्या यादीतला क्रमांक) हा दोष याहून भयंकर होता. ८.० पासूनच्या आवृत्त्यांत प्रथम उभारणीची पानं बाहेरच्या माणसाला पुन्हा वापरता येत होती, आणि तो तिथून स्वतःसाठी ॲडमिन खातं काढू शकत होता. गंभीरतेच्या मोजपट्टीवर त्याला १० पैकी १० गुण मिळाले होते. उभारणीचे पत्ते प्रॉक्सीवरच, म्हणजे विकीच्या पुढे उभ्या असलेल्या सर्व्हरवर, अडवून ठेवा.

नोंदणी खुली आहे का तेही बघा. 'फक्त नोंदणीकृत वाचकांसाठी' आणि 'कुणीही नोंदणी करावी' या दोन्ही गोष्टी एकत्र असतील तर ती विकी सार्वजनिकच आहे. बॅकअपची फाइल वेबच्या फोल्डरात पडलेली नाही ना, पानातले बदल कळावेत म्हणून नाव नोंदवलेल्यांना जाणाऱ्या ईमेलमध्ये मजकूर जात नाही ना, यावर पटकन नजर टाका.

गळती सापडली तर ती बुजवण्याआधी सर्व्हरच्या नोंदींची प्रत काढून ठेवा. नोंदी ठरावीक दिवसांनी पुसल्या जातात, आणि फाइल कुणी उघडली होती हे सांगणारा दुसरा पुरावा सहसा नसतो. गळालेलं पान नुसतं वगळू नका, कारण वगळलेल्या आवृत्त्या डेटाबेसमध्ये राहतात आणि अधिकार असलेल्यांना दिसतात. खरोखर गुप्त मजकूर असेल तर त्याच्यासाठी वेगळी विकी, वेगळा डेटाबेस, वेगळं लॉगिन. खुणेचं पान आणि तीन शब्द मात्र जपून ठेवा, पुढच्या अपग्रेडच्या संध्याकाळी तेच पुन्हा लागतील.