झोप उडते ती रेडिएशनने की स्क्रीनने? घरीच करून बघा

आईला मागच्या वर्षी झोपच लागेना, अकराला आडवी व्हायची आणि दीड-दोनपर्यंत या कुशीवरून त्या कुशीवर. त्यात फॅमिली ग्रुपवर कुणीतरी टाकलं की उशाशी मोबाईल असला की रेडिएशनने झोप उडते, मग तिने फोनच्या पाठीला लावायचा अँटी रेडिएशन स्टिकर मागवला. तुम्हीही लावला असेल तर आधी तो काढा, कारण असल्या गोष्टीने सिग्नल अडलाच तर फोन टॉवरपर्यंत पोचायला उलट जास्त पॉवर लावतो, म्हणजे भीती होती तेच वाढतं.

आता रेडिएशनचं. फोनच्या लहरी रेडिओच्या जातीच्या, एक्स-रेसारख्या नाहीत, आणि नुसता पडून असलेला फोन सतत सिग्नल सोडत नाही, मधूनमधून टॉवरला हजेरी लावतो एवढंच. आपल्याकडे फोनसाठी एसएआरची, म्हणजे फोनच्या लहरींची किती ऊर्जा शरीरात शोषली जाते त्या मापाची, मर्यादा १.६ वॅट प्रति किलो आहे, डायल पॅडवर *#०७# दाबलं की बऱ्याच फोनमधे तुमच्या मॉडेलचा आकडा येतो, बघून घ्या. झोपेच्या लॅबमधे लोकांच्या डोक्याजवळ असे सिग्नल देऊन प्रयोग झालेत, काहींमधे झोपेतल्या मेंदूच्या लहरींत बारीकसा फरक दिसला, पण झोप उशिरा लागली किंवा सारखी जाग आली असं काही पक्कं निघालेलं नाही. फॉरवर्डमधे जो २०११ चा दाखला असतो, जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने या लहरी 'कदाचित' वाल्या २बी गटात टाकल्याचा, तो खरा आहे, पण तो कॅन्सरबद्दल आहे, झोपेबद्दल नाही.

तरी शंका राहतेच, माझ्या आईचीही राहिली, म्हणून आम्ही दोन आठवडे असं केलं.

पहिला आठवडा: रात्री रोजच्यासारखाच फोन बघायचा, रील, बातम्या, सगळं, आणि दिवा मालवताना फोन एअरप्लेन मोडवर टाकायचा, वायफाय बंद झालंय ना तेही बघायचं. म्हणजे रात्रभर रेडिएशन नाही, स्क्रीन मात्र तशीच.

दुसरा आठवडा उलटा. झोपायच्या तासभर आधी फोन हातातून खाली, पण चालूच, उशाजवळच्या स्टुलावर पालथा ठेवायचा. डू नॉट डिस्टर्ब लावा, त्यात घरच्यांचे नंबर सूट म्हणून टाका, नाहीतर रात्री-अपरात्री कुणाचा फोन आला तर या धास्तीनेच झोप लागत नाही. अलार्मसाठी साधं घड्याळ आणा, कारण अलार्म बंद करायला फोन हातात घेतला की पुढची वीस मिनिटं गेलीच.

सकाळी उठल्याउठल्या कॅलेंडरवर त्या दिवसाच्या चौकोनात लिहायचं, कितीला आडवे झालो, अंदाजे कितीला झोप लागली, किती वेळा जाग आली. घड्याळात बघत बसू नका हां, त्यानेच जागरण होतं. आणि दोन्ही आठवडे चहाची वेळ, जेवणाची वेळ बदलायची नाही, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणार कसं?

आईच्या चौकोनांत पहिल्या आठवड्यात दीड, पावणेदोन, एक असंच होतं, दुसऱ्यात चौथ्या दिवसापासून बारा, पावणेबारा यायला लागलं. एका माणसावरून सगळ्यांचं ठरत नाही, पण तिचा घोळ स्क्रीनमधे होता एवढं तिला पटलं. डोळ्यात जाणारा निळसर उजेड रात्रीचं मेलाटोनिन, म्हणजे झोपेची वेळ झाली हे शरीराला सांगणारं हार्मोन, दाबतो, आणि माझ्या मते त्याहून वाईट म्हणजे ग्रुपवरची भांडणं वाचून डोकं तापतं ते, त्याला नाईट मोडचा पिवळा रंग काही करू शकत नाही.

चार्जिंगला लावलेला फोन उशीखाली मात्र कधीच ठेवू नका, तिथे उष्णता कोंडते आणि आग लागू शकते, ही भीती खरी आहे.

आणि दोन्ही आठवडे करूनही तसंच राहिलं, आठवड्यातून तीन-चार रात्री झोप नाही आणि तीन महिने हेच चालू, तर फोनला दोष देत बसू नका, कॅलेंडर घेऊन डॉक्टरकडे जा. घोरणं किंवा झोपेत श्वास अडकणं असेल तर घरच्यांना विचारून तेही सांगा.