शिंपले ओळखताना या चुका टाळा: पाठीचा रंग सोडा, आतली बाजू बघा

जुहू, आक्सा किंवा गोराईच्या वाळूत बोटाच्या पेराएवढा शिंपला सापडला की त्याचा फोटो हमखास पाठीकडून काढला जातो आणि खाली नाव विचारलं जातं. तेवढ्यावरून जात तर सोडाच, पुष्कळदा कूळही खात्रीने सांगता येत नाही. प्राणी कसा जगत होता याच्या खुणा शिंपल्याच्या आतल्या बाजूला उमटलेल्या असतात, आणि वर्गीकरणाचा मोठा आधार त्याच आहेत.

रंगावरून जात ठरवणं

सर्वांत जास्त घोटाळा इथेच होतो. वाळूतल्या डोनॅक्स या पाचरीसारख्या शिंपल्यांत एकाच जातीचे, एकाच किनाऱ्यावरचे नमुने पांढरे, पिवळसर, गुलाबी किंवा जांभळ्या पट्ट्यांचे असू शकतात. म्हणून रंग शेवटी बघावा. आधी शिंपला धुऊन कोरडा करा, उजेडात तिरपा धरा आणि दहापट भिंगातून चोचीखालची (वरच्या टोकदार उंचवट्याखालची) बिजागरी, म्हणजे दोन्ही अर्धे जोडणारी जागा, पाहा. सरळ रेषेत कंगव्यासारखे बारीक दात ओळीने दिसले तर तो बहुधा आर्का कुळातला. चोचीखाली मोजकेच दात असतील तर पुढे चला.

आता स्नायूंच्या दोन गुळगुळीत खुणा शोधा. त्यांना जोडणारी, कडेला समांतर जाणारी पुसट रेषा म्हणजे प्रावार (शिंपला बनवणारा प्राण्याच्या अंगाचा पडदा) चिकटल्याची जागा. ही रेषा मागच्या बाजूला आत वळून खोबण करते का ते बघा. खोबण खोल असेल तर प्राण्याच्या पाणी आत-बाहेर नेणाऱ्या नळ्या लांब होत्या, म्हणजे तो वाळूत गाडून राहत होता. आर्का कुळात ही खोबण नसतेच. शेवटी आतल्या कडेवरून नख फिरवा. डोनॅक्सच्या पुष्कळ जातींत बारीक दाते नखाला लागतात, टेलिना कुळात कड गुळगुळीत लागते. बाहेरून हे दोघे फसवतात, पण राहणी निराळी. डोनॅक्स पाण्यातले कण गाळून खातो. टेलिनाच्या बऱ्याच जाती लांब नळीने चिखलाच्या पृष्ठावरचा गाळ ओढून घेतात.

पुढचं टोक मागे धरणं

लांब टोक ते मागचं, असा समज डोनॅक्सच्या बाबतीत साफ उलटा ठरतो. त्याची मागची बाजू आखूड आणि तुटल्यासारखी असते. आधार धरायचा तो बिजागरीबाहेरच्या तपकिरी चिवट पट्ट्याचा (डोनॅक्स, टेलिना, तिसऱ्यांमध्ये तो चोचीच्या मागे असतो) आणि आतल्या खोबणीचा. चोच वर, पुढचं टोक आपल्यापासून दूर ठेवलं की डाव्या हाताची झडप (शिंपल्याचा अर्धा भाग) डावी. हे चुकलं की ओळख पटवायच्या किल्लीतला (टप्प्याटप्प्याने नावापर्यंत नेणाऱ्या यादीतला) पुढचा प्रत्येक टप्पा चुकतो.

रेषा मोजून वय सांगणं

प्रत्येक रेषा वर्षाची नसते. पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी खारटपणा उतरतो, अंडी सोडताना ताण येतो, वाळू उपसली जाते. वाढ थांबली की रेषा उमटते. एकाच वर्षात अशा अनेक रेषा पडू शकतात.

चोचीजवळचं गोल, कडा उतरत्या असलेलं भोकही निसर्गतःच असतं असं नाही. बहुतेक वेळा ते नॅटिका कुळातल्या शिकारी गोगलगायीने पाडलेलं असतं.

लहान म्हणजे पिल्लू, असं मानणं

गॅलिओमॅटॉइडिया या चिमुकल्या शिंपल्यांच्या गटातल्या कितीतरी जाती पूर्ण वाढूनही काही मिलिमीटरच्याच असतात. अनेक जाती बिळांत राहणाऱ्या खेकडावर्गीय प्राण्यांच्या किंवा समुद्रकाकडीच्या सोबतीने राहतात, आणि कित्येक पिल्लं स्वतःच्या कल्ल्यांजवळ सांभाळतात. याच गटातला लासिया खडकांच्या फटींत, बार्नॅकल्सच्या (खडकाला चिकटून राहणाऱ्या कवचधारी प्राण्यांच्या) रिकाम्या घरांत सापडतो. हाजी अली किंवा बँडस्टँडच्या खडकांवर नुसत्या नजरेने पाहिलं तर ही सगळी दुनिया निसटते. फटींतला गाळ अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून धुवा, मगच बघा.

जुनी नावं आणि बाजारातली नावं

बाजारातली 'तिसरी' ही एक जात नव्हे. व्हेनेरिडी कुळातल्या मेरेट्रिक्स, मार्सिया, पाफिया अशा निरनिराळ्या शिंपल्यांना ते नाव लागतं. जुन्या पुस्तकातलं अनाडारा ग्रॅनोसा आज टेगिलार्का ग्रॅनोसा आहे, कॅटेलिसिया ओपिमा आज मार्सिया ओपिमा. नाव देणाऱ्याचा कंसही महत्त्वाचा: डोनॅक्स ट्रंक्युलस लिनियस, १७५८ याला कंस नाही, कारण प्रजाती (नावातला पहिला शब्द) बदललेली नाही; टेगिलार्का ग्रॅनोसा (लिनियस, १७५८) याला आहे.

ओहोटी आणि जतन

भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमीच्या आसपास, गेलात तर पाणी फार उतरत नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात मुंबईची ओहोटी साधारण सकाळ-संध्याकाळ सहाच्या आगेमागे असते. तरी वेळ तक्त्यात बघूनच निघा आणि पाणी वळलं की खडकावरून उतरा.

जिवंत नमुना थेट अल्कोहोलात टाकला की तो झडपा घट्ट मिटतो आणि आत काही दिसत नाही. ७५ ग्रॅम मॅग्नेशियम क्लोराइड हेक्साहायड्रेट एक लिटर गोड्या पाण्यात विरघळवा, त्यात तेवढंच समुद्राचं पाणी घाला आणि प्राणी शिथिल होईपर्यंत त्यात ठेवा. मग ७० टक्के इथेनॉल. डीएनए काढायचा असेल तर ९५ टक्के. फॉर्मेलिन कालांतराने आम्लधर्मी होतं आणि पातळ शिंपला खाऊन टाकतं. व्हिनेगर तर मुळीच नको. ब्लीचने वरचं तपकिरी आवरण जातं. ते मळ नसून शिंपल्याचाच भाग आहे.

कोरडे शिंपले प्लायवुडच्या कपाटात किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवू नका. त्यांतून सुटणारी आम्लाची वाफ आणि पावसाळ्यातली दमट हवा मिळून शिंपल्यावर पांढरी भुकटी येते, आणि झालेली झीज भरून येत नाही. झिप पिशवी किंवा पॉलिप्रॉपिलीनचा डबा आणि सोबत सिलिका जेल बरं. जागा, तारीख, वाळू की चिखल की खडक, आणि जिवंत होता की नुसती झडप, एवढं पेन्सिलीने कागदावर लिहून बाटलीच्या आत टाका, कारण बॉलपेनची शाई इथेनॉलात उतरते.