साखर कारखान्यात नव्याने रुजू होणाऱ्या केमिस्टसाठी: वाफ, व्हॅक्यूम आणि दाणा

गळीत हंगामाच्या तोंडावर बी.एस्सी. केमिस्ट्री झालेली मुलं-मुली लॅब केमिस्ट म्हणून रुजू होतात. ब्रिक्स (रसात विरघळलेल्या घटकांची टक्केवारी), पोल (त्यातली साखर), प्युरिटी (या दोन्हींचं गुणोत्तर) काढायला त्यांना फार वेळ लागत नाही. गाडी अडते ती बॉयलिंग हाउसमध्ये, म्हणजे रस आटवून साखरेचे दाणे पाडतात त्या विभागात, पाठवल्यावर. खरं तर तिथलं बहुतेक काम दहावीच्या विज्ञानातल्या अप्रकट उष्म्याच्या धड्यावरच चालतं. तो धडा आपण गणितापुरता वाचलेला असतो, म्हणून इव्हॅपोरेटरपुढे (रस आटवण्याच्या संचापुढे) उभं राहिल्यावर तो आठवत नाही. मी बॉयलिंग हाउसमध्ये बरेच हंगाम काढले आहेत. नव्यांना पहिल्या दिवशी जे सांगतो, तेच इथे लिहितो आहे.

तापमापीचा काटा हलत नाही म्हणजे उष्णता जात नाही, असं समजू नका. एक किलो पाणी ३० अंशांवरून १०० अंशांपर्यंत न्यायला सुमारे २९३ किलोज्यूल लागतात. त्याच पाण्याची १०० अंशांवरच पूर्ण वाफ करायला २२५७ किलोज्यूल, म्हणजे जवळजवळ आठपट. एवढा वेळ काटा जागचा हलत नाही. तापमान हे रेणूंच्या सरासरी गतिज ऊर्जेचं माप आहे, आणि उकळताना ही सरासरी वाढतच नाही. द्रवात रेणूंनी एकमेकांना धरून ठेवलेलं असतं. ती पकड सोडवण्यात जवळजवळ सगळी ऊर्जा खर्च होते आणि वाफेत स्थितिज ऊर्जा म्हणून साठून राहते. जोसेफ ब्लॅक यांनी १७६०च्या दशकात ग्लासगोत ही 'लपलेली' उष्णता मोजली. आपल्या कामाचा भाग त्यापुढचा आहे: वाफेचं पुन्हा पाणी झालं की ही साठवलेली ऊर्जा तितकीच परत मिळते. अख्खा कारखाना या परताव्यावर चालतो.

म्हणूनच 'वाफ जितकी गरम तितकी चांगली' हा समज आधी सोडा. २ बार निरपेक्ष दाबाला संपृक्त (म्हणजे त्या दाबाच्या उत्कलनांकावरच असलेली) वाफ १२० अंशांची असते आणि तिचा एक किलो द्रवरूप होताना सुमारे २२०० किलोज्यूल देतो. तीच वाफ १५० अंशांची आली, तर वरच्या ३० अंशांतून जेमतेम साठ-पासष्ट किलोज्यूल मिळतात. शिवाय नळीच्या भिंतीला उष्णता देण्यात कोरडी, अतितप्त वाफ मंद असते. म्हणून टर्बाइनमधून वापरून बाहेर आलेल्या वाफेवर (एक्झॉस्टवर) पाणी फवारून ती संपृक्त अवस्थेजवळ आणतात. पाणी मारून वाफ 'थंड' का करतात, असा प्रश्न पडला तर चांगलंच आहे; उत्तर मात्र स्वतः स्टीम टेबल (वाफेच्या गुणधर्मांचा तक्ता) उघडून शोधा.

आता इव्हॅपोरेटर. १५ ब्रिक्सच्या शंभर किलो रसाचं ६० ब्रिक्सचं सिरप करायचं तर ७५ किलो पाणी उडवावं लागतं. हे सगळं एकाच भांड्यात, एकदाच वापरलेल्या वाफेवर करायचं म्हटलं तर इंधनाचा बगॅस (उसाचा चोथा) पुरणार नाही. न्यू ऑर्लिन्समध्ये जन्मलेल्या नॉर्बर रिलिउ यांनी यावरचा मार्ग शोधला आणि १८४३ साली पेटंट घेतलं. पहिल्या बॉडीत (भांड्यात) रसातून निघालेली वाफ दुसऱ्या बॉडीच्या कॅलेंड्रियात (रस तापवणाऱ्या नळ्यांच्या जुडग्यात) सोडायची आणि दुसरीतला दाब कमी ठेवायचा. तिथला रस कमी तापमानाला उकळतो, आणि पहिलीच्या वाफेचा अप्रकट उष्मा पुन्हा कामाला येतो. चार बॉडींच्या संचात एक किलो एक्झॉस्ट आदर्श हिशेबाने चार किलोच्या आसपास पाणी उडवते. प्रत्यक्षात त्याहून कमी. कंडेन्सेट (वाफेचं झालेलं पाणी) नीट निघत नसेल, किंवा वाफेबरोबर आलेली हवा नळ्यांभोवती साचली असेल, तर हा हिशेब कोलमडतो. हवेचं द्रवात रूपांतर होत नाही, ती देण्यासारखं काही आणतही नाही. त्यामुळे बाष्पीभवन मंदावलं की आधी व्हेंट (हवा सोडायची वाट) आणि कंडेन्सेट लाइन बघा.

द्रवाचा बाष्पदाब बाहेरच्या दाबाएवढा झाला की द्रव उकळतो. घरच्या कुकरमध्ये दाब वाढवून उत्कलनांक वर नेतात. आपल्या पॅनमध्ये, म्हणजे सिरप आटवून दाणा पाडायच्या बंद भांड्यात, नेमकं उलट करतात. २५-२६ इंच (पाऱ्याच्या) व्हॅक्यूमला शुद्ध पाणी ५५ अंशांच्या आसपास उकळतं. साखर विरघळलेली असल्याने उत्कलनांक चढतो आणि मॅसेक्युट (दाणे आणि पाक यांचं मिश्रण) ६५ ते ७० अंशांना उकळतं. यापेक्षा जास्त तापलं तर रंग येतो, साखर तुटते. एडवर्ड चार्ल्स हॉवर्ड यांनी १८१३च्या सुमारास इंग्लंडमध्ये व्हॅक्यूम पॅन आणला तो याचसाठी. हुशार मुलंही एका गोष्टीने चकित होतात: ५५ अंशांना पाण्याचा अप्रकट उष्मा १०० अंशांपेक्षा जास्त, सुमारे २३७० किलोज्यूल असतो. थंड द्रवातली रेणूंची पकड जास्त घट्ट असते. तापमान वाढेल तशी ती सैल होत जाते आणि ३७४ अंशांना, क्रांतिक बिंदूवर, अप्रकट उष्मा शून्य होतो.

माझं सगळ्यात आवडतं काम म्हणजे दाणा धरणं (स्फटिक तयार व्हायला लावणं), आणि नव्या माणसाने सर्वांत जास्त वेळ इथेच द्यावा. शंभर ग्रॅम पाण्यात २० अंशांना सुमारे २०० ग्रॅम साखर विरघळते, ८० अंशांना सुमारे ३६०. द्रावणात याहून जास्त साखर झाली, म्हणजे ते अतिसंपृक्त झालं, तरी स्फटिक लगेच पडत नाहीत. रेणूंचा छोटा पुंजका जमला, तरी त्याच्या आकारमानाच्या मानाने पृष्ठभाग फार मोठा असतो. त्यामुळे तो टिकत नाही, परत विरघळतो. ठरावीक आकार ओलांडला तरच वाढतो. म्हणून अतिसंपृक्तता (संपृक्त द्रावणाच्या किती पट साखर आहे ते) साधारण १.० ते १.२ या टप्प्यात असताना बाहेरून बारीक सीड (साखरेचे सूक्ष्म दाणे) सोडतात, म्हणजे रेणूंना बसायला तयार पृष्ठभाग मिळतो. हा आकडा १.३च्या वर गेला की नवे दाणे आपोआप फुटतात. तोच फॉल्स ग्रेन. सेंट्रिफ्यूगलच्या (गरगर फिरवून दाणा वेगळा करणाऱ्या यंत्राच्या) जाळीत तो अडकतो आणि मळी (मोलॅसिस) नीट निथळत नाही.

पॅनमन (पॅन चालवणारा) प्रूफ स्टिकने नमुना काढून काचेवर पसरतो तेव्हा शेजारी उभे राहा आणि त्याच वेळी व्हॅक्यूम गेजही बघा. व्हॅक्यूम अचानक वाढला तर मॅसेक्युट थंड होतं, अतिसंपृक्तता उसळते आणि फॉल्स ग्रेन येतो. व्हॅक्यूम पडला तर उलट होतं, बारीक दाणा विरघळायला लागतो. अनुभवी पॅनमन काचेवरची चमक पाहून थोडं गरम पाणी ओढतो आणि नको असलेला दाणा धुऊन टाकतो. त्याला सूत्र विचारू नका. 'आता का ओढलंत, काका?' एवढंच विचारा आणि त्या क्षणाचं तापमान, व्हॅक्यूम, ब्रिक्स वहीत लिहून ठेवा. काही स्ट्राइक्सच्या (पॅनच्या एकेका खेपेच्या) अशा नोंदी विद्राव्यतेच्या तक्त्याशेजारी ठेवल्या की त्याच्या हाताचं गणित तुम्हाला दिसू लागेल.

पुढे शिकायचं असेल तर पुण्याजवळच्या मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि कानपूरची नॅशनल शुगर इन्स्टिट्यूट इथे साखर तंत्रज्ञानाचे अभ्यासक्रम आहेत. हंगामाचा अनुभव घेऊन गेलात तर तिथला उष्णतेचा ताळेबंद अंगावर येत नाही. आणि हंगाम संपल्यावर, नळ्यांची साफसफाई चालू असताना, सुरक्षा विभागाची परवानगी घेऊन, आतली हवा तपासल्यानंतरच एकदा मॅनहोलमधून रिकाम्या पॅनमध्ये उतरा. कॅलेंड्रियाच्या नळ्या, मधली डाउनटेक (मॅसेक्युट खाली उतरायची रुंद वाट) आणि नळ्यांवर बसलेला स्केलचा (क्षारांचा) थर हाताने तपासा. पुढच्या हंगामात उष्णता कुठे अडते आहे, ते गेज पाहतानाच ओळखता येईल.